चढावरचे ठोके

बातमी आली तेव्हा माझ्या हातात सुई होती. सकाळचे पावणेआठ झाले असतील. उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग बाकावर बसली होती आणि मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. टेबलावरचा फोन थरथरला, त्यावर ऋतुजाचं नाव आलं. ऋतुजा म्हणजे घोडके दादांची मुलगी, यंदा बारावीला आहे. ती मला सकाळी कधी फोन करत नसे... मी फोन उचलला नाही. आधी रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, कोपराच्या खळगीत कापूस धरला, "दाबून ठेवा बाबा" म्हणाले, हातमोजे काढले आणि मागच्या खोलीत जाऊन तिला फोन लावला. ती रडत नव्हती. "आत्या, पप्पा गेले. सहा वाजता," एवढंच म्हणाली. मग पलीकडे कुणी तरी तिला काही विचारलं, आधार कार्ड कुठल्या पिशवीत आहे ते तिने सांगितलं, आणि फोन तसाच चालू राहिला. मी बाहेर आले आणि उरलेल्या अकरा जणांचं रक्त काढलं. त्या सकाळी एकालाही दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. हात आपलं काम करत होते, एवढंच.

सदाशिव घोडके मूळचे करमाळ्याकडचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी बोईसरला आले ते इथल्या औद्योगिक वसाहतीत, आणि सरावलीत दोन खोल्या घेऊन राहिले. कारखान्यात टाक्यांवर, पाइपांवर दाब आणि तापमान दाखवणारी जी उपकरणं बसवलेली असतात, ती खरं दाखवतात की खोटं, हे तपासणं हे त्यांचं काम. त्यांच्या बोलण्यात सगळ्या मोजमापांना एकच शब्द होता, काटा. वजनाचा काटा, दाबाचा काटा, तापाचा काटा. सहा वर्षांपूर्वी साखर तपासायला ते आमच्या लॅबमध्ये आले. रक्त देताना माणसं छताकडे किंवा भिंतीकडे बघतात. हे टेबलाखाली माझ्या बुटांकडे बघत होते. "मॅडम, पळायला कुठं जाता?" त्यांनी विचारलं. मी समुद्रकाठच्या दातिवऱ्याची. लहानपणापासून वाळूवर पळायची सवय, बोईसरला नोकरीला आल्यावर कॉलनीच्या रस्त्यावर पळू लागले होते. तसं सांगितलं. साखर काठावर आली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी ते त्या रस्त्यावर दिसले, कारखान्याचे जाड बूट घालून. "आडनाव घोडके. चालून कसं भागंल?" म्हणाले. वर्षभर मी मॅडम होते, मग ताई झाले. मला सख्खा भाऊ नाही. ऋतुजा मला आत्या म्हणायला लागली तेव्हा घरी आईला मी ते दोन-तीनदा सांगितलं असेन.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांनी पुण्यापलीकडच्या घाटातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. सपाट रस्त्यावर त्यांनी एकदा बेचाळीस पूर्ण केलं होतं, त्याच हिशेबाने गेले. पहिला चढ त्यांनी सपाटीच्या वेगाने काढला. दुसराही. तिसऱ्याला पाय उचलेनात. या शर्यतीत ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी पोचला नाहीत तर तुम्हाला थांबवतात, छातीवरचा क्रमांक काढून घेतात आणि गाडीत बसवून खाली आणतात. दादांना अडतिसाव्या किलोमीटरला थांबवलं.  सोमवारी संध्याकाळी लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "ताई, माझ्यापाशी काटाच नव्हता. बिनकाट्याची टाकी कुणी चालवतं का?" त्यानंतर महिन्याभरात त्यांनी कुणाकडून तरी वापरलेलं स्पोर्ट्स वॉच मिळवलं. पट्टा तुटका होता, तो कारखान्यातल्या कसल्याशा नळीने स्वतः जोडला. आणि आमचे रविवार वाघोबा खिंडीत जाऊ लागले.

पालघरहून मनोरकडे जाताना लागणारी ही खिंड ज्यांनी गाडीतून पाहिली आहे त्यांना ती किरकोळ वाटेल. पायांना वाटत नाही. पालघरच्या बाजूने चढायचं, मनोरच्या अंगाला उतरायचं, वळायचं आणि पुन्हा चढायचं. पहिल्या रविवारी मी घड्याळातला वेग बघत पळाले. एका किलोमीटरला साडेसहा मिनिटं ही माझी सपाटीची चाल, ती मी चढावरही सोडली नाही, आणि वर खिंडीच्या माथ्यावरच्या देवळापाशी पोचून गटाराच्या कडेला ओकले. दादा शांतपणे बाजूला उभे होते. मग त्यांनी माझं घड्याळ काढून घेतलं, बटणं दाबून वेगाचा आकडा पडद्यावरून काढूनच टाकला आणि तिथे हृदयाचे ठोके ठेवले. "चढावर वेग बघायचा नाय. वेग डोंगर ठरवतो. आपल्या हातात फक्त ठोके," ते म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी एकशे पंचावन्नची मर्यादा लावली, स्वतःसाठी एकशे अठ्ठेचाळीसची. त्याच्या वर ठोके गेले की मनगटावरचं घड्याळ थरथरायचं. थरथरलं की लाज न बाळगता चालायचं. ठोके दहाने उतरले की पुन्हा पळायचं.

त्यांनी शिकवलेल्या काही गोष्टी मला कुठल्याही पुस्तकात मिळाल्या नसत्या, कारण त्या त्यांनी कारखान्यातून आणल्या होत्या. घड्याळ ठोके जरा उशिरा दाखवतं. तापमानाचा काटाही तसाच, टाकी तापून जाते आणि काटा नंतर हलतो. म्हणून चढ समोर दिसला की आकडा वाढायची वाट न बघता आधीच सावकाश व्हायचं. उतारावर उलटं. तिथे ठोके पडतात, आकडा गोड दिसतो, माणूस सुटतो आणि मांड्या फुटतात. म्हणून उतारावर ठोके विसरायचे आणि तिथे मात्र वेग बघून स्वतःला आवरायचं. घड्याळ मनगटाच्या हाडावर नाही, दोन बोटं वर बांधायचं, घट्ट. सैल असलं की ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. आणि दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद बंद करून, चढाच्या पायथ्याला एकदा आणि देवळापाशी एकदा, हाताने बटण दाबायचं. म्हणजे त्याच चढाला त्याच ठोक्यांत किती वेळ लागला हे दर आठवड्याला कळतं. वेळ कमी होत गेला तर शरीर सुधारतंय. हे सगळं ते घरी जाऊन कारखान्याच्या जुन्या डायरीत लिहीत. जानेवारीत त्यांना तो चढ एकवीस मिनिटं लागत होता. मेच्या शेवटी, घामाने पाण्यासारखे निथळत असताना, सतरा. त्यांच्या बोलण्यात शर्यत पुन्हा आली ती तेव्हापासून. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ती होती. आम्ही दोघांनी नावं घातली.

जुलैत आकडे बिघडायला लागले. सतराचे अठरा झाले, मग एकोणीस. ठोके तेच. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, घड्याळ जे ठोके दाखवायचं ते त्यांचे बावन्न असत. ते साठ झाले, मग पासष्ट. मी म्हणाले, हवा दमट आहे, सगळ्यांचंच असं होतं. माझंही थोडं झालंच होतं. ऑगस्टमध्ये ते म्हणाले, "ताई, काटा हुकतोय. ठोके मोजायला घड्याळ मागून प्रकाश मारतं, ती काच घामानं खराब झाली वाटतं." मी म्हणाले, पट्टा अजून एक घर आवळून बघा. त्यांनी आवळला. पुढच्या रविवारी खिंडीच्या दुसऱ्या वळणावर, जिथे एक म्हातारी काकड्या आणि मक्याची कणसं घेऊन बसते, तिथे त्यांनी हात वर करून घड्याळ बघितलं, आणि पट्ट्याच्या खाली पंजाकडे मला लाल ठिपके दिसले. सुईच्या टोकाएवढे, पुष्कळ, मनगटाभोवती कडं घातल्यासारखे. मी विचारलं, हे काय? "खाजत तर नाय. पट्टा लागला असंल." मी म्हणाले, घामोळं असेल, पावडर लावत जा... दिवसाला चाळीस-पन्नास दंडांना पट्टा बांधणारी बाई मी. पावडर लावा म्हणाले.

ती म्हातारी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिच्यापाशी घड्याळ नव्हतं आणि लॅबही नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दादा तिच्या टोपलीशेजारी दगडावर बसले आणि उठेनात. मी पुढे गेले होते, परत खाली आले. म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचा दादा बरा नाय, बाय. दर वेलेला बघते मी. तोंड पार पांढरा पडलाय त्याचा." दादांनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, "आजी, रातपाळी करून आलोय." रात्रपाळी त्यांची नव्हती. मला ते माहीत होतं. तरी मी काही बोलले नाही, कारण आम्हा दोघांनाही त्या दिवशी चढ पुरा करायचा होता. तो त्यांनी चोवीस मिनिटांत पुरा केला. चालत.

त्याच आठवड्यात आमच्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढले होते. बुधवारी तापाने फणफणलेली एक बाई आली. रक्त घ्यायला मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर सापडायला जरा वेळ लागला, आणि पट्टा सोडला तेव्हा त्याच्या खाली कोपरापर्यंत लाल ठिपके उठले होते. सुईच्या टोकाएवढे. असं झालं की रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या आहेत असं समजायचं, हे मला शिकताना पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. ती घाबरून म्हणाली, "काय झालं, ताई?" मी म्हणाले, काही नाही. तिचं रक्त काढलं आणि बाहेर जाऊन दादांना फोन केला, उद्या सकाळी लॅबला या. ते म्हणाले, शर्यत झाली की येतो. मी ओरडले. त्यांच्यावर मी आयुष्यात एकदाच ओरडले, ते तेव्हा.

ते आले, शर्टाच्या बाह्या दुमडून बसले आणि माझ्या बुटांकडे बघत राहिले. मी सुई काढली, कापूस धरला. एरवी दोन मिनिटांत थांबतं ते रक्त थांबेना. कापूस बदलला, पुन्हा बदलला. ते बाहेर बाकावर हात दाबून बसले आणि मी नळी यंत्रात लावली. यंत्राने आकडे दिले. हिमोग्लोबिन सात. गोठवणाऱ्या पेशी इतक्या कमी की यंत्राने शेजारी खूण टाकली होती. पांढऱ्या पेशी भलत्याच जास्त. मी काचेवर थेंब पसरला, रंग दिला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निदान सांगायचा मला अधिकार नाही, ते आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमचं काम. पण पंधरा वर्षं काचा बघणाऱ्या माणसाला कच्च्या पेशी ओळखता येतात. मोठ्या, गोल, जांभळ्या, एकमेकींना चिकटून... जिथे बघावं तिथे त्याच. मी दुसरी काच केली. तिच्यातही त्याच. मी बाहेर आले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. "यंत्राचा काटा बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. "बरं," म्हणाले, आणि कापूस दाबत कारखान्यात गेले. संध्याकाळी मॅडमनी त्यांना आणि वहिनींना समोर बसवून सांगितलं. रक्ताचा कर्करोग. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुंबईला दाखल झाले.

लोक विचारतात, कारखान्यातल्या कशाने झालं का. मलाही वाटलं, मीही विचारलं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. असं काम न करणाऱ्यांनाही होतं. आधी कळलं असतं तर, हेही मी विचारलं. त्याचंही त्यांनी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. काही प्रकार हळूहळू सुरू होतात आणि मग एकदम उसळतात, म्हणाले. ते माझी समजूत घालत होते की खरं सांगत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

औषधं सुरू झाल्यावर दादांचे केस गेले, मग वजन गेलं, मग आवाज बसला. तोंड आतून सोलवटून निघालं होतं, पाणी गिळतानाही ते डोळे मिटायचे. सुया आणि नळ्यांमुळे घड्याळ काढून ठेवावं लागलं होतं. ते वहिनींच्या पर्समध्ये होतं. मी आठवड्यातून एकदा जात असे. सुरुवातीला ते मला दर वेळी घाटाच्या चढांची उजळणी करायला लावत. पहिल्या चढाला कितीवर थांबायचं, दुसऱ्याला किती, शेवटच्या दहा किलोमीटरला मर्यादा पाच ठोक्यांनी वाढवायची. तू माझ्या वाटणीचं पळ, असं काही ते म्हणाले नाहीत. ते तसं बोलणारे नव्हते. "तुझी फी भरलीय, तू जा," एवढंच म्हणायचे. मीही जाते म्हणायची.

शर्यतीच्या रविवारी मी गेले नाही. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या वॉर्डात पोचले. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मी कोण हे ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, आणि ओळखल्यावर ते चिडले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "आत्ता तू दुसऱ्या चढावर पाहिजे होतीस. इथं काय करतीयस?" मी म्हणाले, मन झालं नाही.  वहिनी चहा प्यायला खाली गेल्या होत्या. मग दादांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"ऑगस्टमध्ये मी तुला म्हणलो होतो, काटा हुकतोय."

"हो."

"दुसऱ्या दिवशी मी तपासला. सकाळी उठून मानेवर बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळात बघून मिनिटभर मोजलं. तीन दिवस मोजलं. अडुसष्ट, एकोणसत्तर, एकाहत्तर. मनगटावरचं घड्याळ तेवढंच सांगत होतं. काटा बरोबर होता, ताई."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू रक्त काढलं असतंस."

एवढं बोलून ते दमले. डोळे मिटून पडून राहिले. मला त्यांचा राग आला. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांचे काटे तपासणारा हा माणूस. काटा बरोबर आहे आणि तरी आकडा चुकतोय, म्हणजे बिघाड आत आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. कळलंच होतं. एक शर्यत पुरी करायची होती म्हणून त्याने ते स्वतःपाशी ठेवलं. आणि मी, मला ठिपके दिसले होते. मलाही ती शर्यत पळायची होती. एकटीला खिंडीत जायचं नव्हतं... मी हे त्यांना तिथे सांगायला हवं होतं. तेवढ्यात वहिनी वर आल्या. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर त्यांच्या छातीत जंतू गेले, त्यांना अतिदक्षता विभागात नेलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी ऋतुजाचा फोन आला.

त्यांना मुंबईहून परस्पर करमाळ्याला नेलं. मी गेले नाही. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, असं मी वहिनींना सांगितलं. ते खरं होतं, पण मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी लॅब एक दिवस बंद ठेवली असती. मी विचारलंच नाही. दातिवऱ्याला आईकडे जाऊन दोन दिवस राहिले.  दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तू त्याच्या बायकोला भेटली काय नाय? मेलेल्याला काय कलते? जिती हाय तिच्याकडं जा."

दिवसकार्य आटोपून वहिनी आणि ऋतुजा सरावलीला परत आल्या तेव्हा गेले. वहिनींचं नाव मंगल. गेली बारा वर्षं त्या एका शाळेच्या जेवणासाठी पोळ्या लाटतात. रविवारीसुद्धा त्यांचा सकाळचा वेळ घरकामात जायचा. आम्ही पळून परत यायचो तेव्हा त्या पोहे पुढ्यात ठेवायच्या आणि पुन्हा ओट्याकडे वळायच्या. सहा वर्षांत माझ्याशी त्यांचं बोलणं एवढंच. त्या दिवशी त्यांनी दादांची डायरी माझ्यापुढे ठेवली. पानापानावर आकडे, आणि प्रत्येक रविवारी एकच शब्द, खिंड. खिंड सतरा. खिंड अठरा. खिंड एकोणीस. "यातलं मला काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "ऋतुजा म्हणते, ठोके आहेत. ही खिंड कुठंय, ताई? मला दाखवता का?"

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षाने पालघरला गेलो आणि नाक्यावरून दुसरी रिक्षा करून पायथ्याशी उतरलो. वहिनींनी साडी जरा वर खोचली होती, पायात चपला, खांद्याला पाण्याच्या बाटलीची पिशवी. मी घड्याळ घातलं नव्हतं. आम्ही रस्त्याच्या कडेने चालू लागलो. मनोरकडून येणारे ट्रक खाली उतरत होते, प्रत्येक ट्रकला आम्ही थांबून वाट देत होतो. पहिल्या वळणाला त्यांना धाप लागली. "इथं थांबायचे का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, थांबायचे नाहीत, इथून थोडं चालायचे, मग पुन्हा पळायचे. "घरी कधी चालताना बघितले नाहीत," त्या म्हणाल्या. "जिना पण पळतच उतरायचे." मग दुसऱ्या वळणावर आम्ही कठड्यावर बसलो. म्हातारी त्या दिवशी नव्हती. काकड्या संपल्या असतील, किंवा माणसं कामाला बाहेरगावी जातात तशी तीही कुठे गेली असेल.

तिथे मी वहिनींना सांगितलं. ठिपके मला ऑगस्टमध्ये दिसले होते, मी पावडर लावायला सांगितलं, आणि ते काय असू शकतं हे मला माहीत असायला हवं होतं. दादांनी स्वतः ठोके मोजले होते तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. एक एसटी गेली, तिच्यामागे दोन मोटरसायकली. मला वाटलं, आता त्या उठतील आणि एकट्या खाली जातील.

"पाठीवर निळे डाग होते," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधीपासून. अंघोळीला पाठ चोळताना दिसायचे. मी विचारलं तर म्हणाले, पळताना पडलो."

"पडले नव्हते, वहिनी. कधीच पडले नव्हते."

"होय. ते आता कळतंय." त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "मी तुम्हाला एक फोन केला असता, की बाई, हे पडलेत का... तुमचा नंबर होता माझ्याकडे."

 त्यांनी पाणी प्यायलं, मला दिलं. वर देवळापर्यंत अजून पाऊण किलोमीटर होतं. मी विचारलं, परत फिरायचं का. त्यांनी मान हलवली आणि उठल्या. बाकीचा चढ आम्ही मध्ये चार वेळा थांबून चढलो. देवळापाशी पोचल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत. आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली झाडांमधून पालघरच्या इमारती दिसत होत्या, पाण्याची टाकी दिसत होती.

"दर रविवारी पाचला उठून जायचे," त्या म्हणाल्या. "खिंड, खिंड म्हणायचे. मला वाटायचं, लांब असंल कुठं तरी. डोंगरात, एक दिवस घालवावा लागंल असं." पदराने त्यांनी मानेवरचा घाम पुसला. "एवढी जवळ होय? मग मी एकदा तरी आले असते की."